कोटी झाली, आता चेहऱ्याचं काय करू?

शाब्दिक कोटी करणाऱ्याचं काम सोपं असतं. कोटी टाकायची, भुवया उडवायच्या आणि थांबायचं. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात आणि ते ऐकणाऱ्याला पडतात. चेहऱ्याचं करायचं काय? हसलं, तर दुसरी येते. गप्प राहिलं, तर कळली नाही असं समजून पहिलीच फोड करून सांगितली जाते. कपाळाला हात लावून 'अरे देवा' म्हटलं, तर ती पावती समजून खिशात टाकली जाते.

बायकोचे मामा रविवारी जेवायला येतात. "मामा, वरण वाढू?" "वर न वाढता खालीच वाढ, ताटात." मग, "ताक दे गं, म्हणजे ताकद येईल." काकडीची कोशिंबीर खाऊन ते काकडतात. बायको हे जन्मापासून ऐकत आल्यामुळे तिला आता काही ऐकूच येत नाही. मी पडलो जावई. "काय जावईबापू, पोचली का?" पोचते हो, घशातला घास तेवढा पोचत नाही.

या दुखण्यावर जगात कुठे उतारा निघालाय का, म्हणून मी वाचत सुटलो. लक्षात आलं ते एवढंच, की कोट्यांचा सगळा इतिहास कोट्या करणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेला आहे. ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसचंच घ्या. गुहेत कोंडणाऱ्या एकाक्ष राक्षसाला तो आपलं नाव 'कोणी नाही' असं सांगतो आणि रात्री त्याचा डोळा फोडतो. राक्षस बोंब मारतो, "कोणी नाही मला मारतोय!" शेजारी म्हणतात, कोणी मारत नाही ना, मग झोप की. अडीच-पावणेतीन हजार वर्षं लोक ओडिसियसच्या हुशारीवर खूश आहेत. त्या राक्षसाची विचारपूस कोणी केली?

आपल्याकडे दमयंतीची आई. मुलगी विरहाने तळमळत म्हणते, 'औषध नल गे मजला'. आई ऐकते, 'औषध न लगे मजला', आणि बरं म्हणून मान डोलावते. शाळेत याला सभंग श्लेष म्हणून मार्क मिळायचे. त्या माउलीला काय मिळालं?

संस्कृतवाल्यांनी तर हद्दच केली. बाराव्या शतकाच्या सुमारास कविराज नावाच्या कवीने 'राघवपांडवीय' लिहिलं. श्लोक एकच, एका अर्थाने वाचा, रामायण, दुसऱ्या अर्थाने, महाभारत. अख्खं काव्य असं. मला काळजी वाटते त्याच्या आश्रयदात्याची, कदंब राजा कामदेवाची. रोज दरबारात बसून दोन्ही कथा एकदम समजल्यासारखा चेहरा ठेवायचा, तोही मुकुट सांभाळत!

जपानात हा रोग वयावर गेला आहे. तिथे अशा विनोदांना 'ओयाजी ग्याग' म्हणतात, म्हणजे बाप्ये लोकांचे विनोद. 'फुतोन गा फुत्तोंदा' हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध; अर्थ काय, तर गादी उडाली. बस, एवढंच. मात्र ऐकणाऱ्यांची थोडीफार सोय केलेला समाज मला तिथेच सापडला. विनोद पडला की 'सामुई' म्हणायचं, म्हणजे गारठलो. मी मोठ्या आशेने एका रविवारी "सामुई" म्हणून पाहिलं. मामा म्हणाले, "सामुई? समई लाव मग, ऊब येईल."

इंग्लंडात डॉ. जॉन्सननी १७६५ साली शेक्सपिअरला फैलावर घेतलं: कोटी म्हणजे या माणसाची क्लिओपात्रा, तिच्यापायी त्याने सारं जग घालवलं आणि वर समाधानी राहिला. एवढ्या मोठ्या टीकाकाराने कान उपटले म्हणून शेक्सपिअरच्या एका कोटीचं वाकडं झालं नाही. चीनने २०१४ मध्ये सरकारी फतवाच काढला, की रेडिओ-टीव्हीवर आणि जाहिरातींत म्हणींची, वाक्प्रचारांची मोडतोड नको. फतवा वाचून मी क्षणभर भारावलो होतो. पण चिनी भाषेत 'घड्याळ भेट देणं' आणि 'मरणाऱ्याची अखेरची सोबत करणं' यांचा उच्चार सारखा, म्हणून जिथे कोणी कोणाला भिंतीवरचं घड्याळ देत नाही, तिथे फतवा काय करणार?

सगळ्यात वाईट बातमी अमेरिकेची. टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी १९७८ पासून कथाकार ओ. हेन्रीच्या नावाने कोट्यांची जंगी स्पर्धा भरते. माणसं आपल्या पायांनी येतात, उन्हात बसतात आणि ऐकतात. मामांचा मुलगा डॅलसला असतो आणि तिथून ऑस्टिन गाडीने तीनेक तासांवर आहे. हा विषय घरात काढायचा नाही, असं मी आणि बायकोने ठरवलंय. मामांचा व्हिसा दहा वर्षांचा आहे.