पाव किलो कुंदा आणि जीएसटीचे पहिले दोन आकडे

झालं असं की बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीच्या ऑफिसात मी टॅलीवर हिशेब बघत होतो तिथल्या ऑर्डरी कमी झाल्या आणि ऑर्डरींपाठोपाठ मीपण कमी झालो. बाबा म्हणाले, "असूदे, गाडी काढ, उद्यमबाग नि मच्छे फिरून ये, गेटावर बोर्ड लावलेले असतात." मी म्हटलं, बाबा आता गेटावर कोण जातंय, सगळं ऑनलाईन असतंय. हे बोललो आणि पुढचे तीन महिने फेडत बसलो, त्यातले ४९९ रुपये तर रोख.

पहिली भानगड म्हणजे मी राहतो कुठं हेच नोकरीच्या साईटला कळेना. गावाचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, खरं त्या साईटच्या यादीत बेलगाम वेगळं आणि बेळगावी वेगळं, जसा काय मधे टोलनाका आहे. एकात अकरा नोकऱ्या, दुसऱ्यात चौदा, त्यातल्या नऊ त्याच. आणि टाईप करताना बोट घसरलं की थेट बेल्जियम! आठवडाभर मला ब्रुसेल्सच्या जागा येत होत्या. आई म्हणाली, "तिथं मराठी चालतंय काय विचार की."

मग भाषेचा रकाना. कन्नड येतं का, तर येतं, थोडं येतं, येत नाही. माझं कन्नड बसस्टँड आणि भाजी मार्केटपुरतं, म्हणजे मेथीच्या पेंडीचे दोन रुपये कमी करता येतात पण बॅलन्स शीट जुळवता येत नाही. 'थोडं' वर टिक केली.

आता जाहिराती. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार. अहो पेन्सिली डब्यात भरून तीस हजार मिळत असते तर निपाणीत तंबाखूला कुणी हात लावला असता काय? तिथं मी फसलो नाही. व्हिडीओ लाईक करायच्या कामातपण नाही, कारण मावसभाऊ आधीच होरपळून आला होता, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच जमा झाले म्हणून घरात पेढे, चौथ्या दिवशी 'प्रीपेड टास्क' म्हणून पाच हजार भर म्हणाले आणि भरल्यावर ग्रुपच गायब. मी फसलो टायपिंगमध्ये. रजिस्ट्रेशनचे ४९९ भरले, तर धुरकट झेरॉक्ससारखी सहाशे पानं आली, ती रात्री जागून टाईप केली, आणि नंतर कळवलं की तुमची ॲक्युरसी कमी, करार मोडला, सबब सोळा हजार भरा. वर वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर, ज्यात 'नोटीस' हाच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेला. माझी ॲक्युरसी काढणारे हे! १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावून तक्रार दिली आणि वकीलसाहेबांनाही तसं कळवलं, तसे ते जे ऑफलाईन गेले ते अजून आलेले नाहीत. ४९९ पण आले नाहीत.

आणि मग आलं ते ऑफर लेटर. बेंगळूरची कंपनी, पगार बेचाळीस हजार, लेटरहेडवर चकचकीत लोगो, खाली बारकोड, निळ्या शाईची फर्राटेदार सही. मुलाखत चॅटवर दहा मिनिटांत संपली होती, तुमची स्ट्रेंग्थ काय असं विचारलं, मी 'हार्डवर्क' लिहिलं, ते म्हणाले काँग्रॅच्युलेशन्स. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, खरं बेचाळीस हजारापुढं शंका उभी राहत नाही. आईनं पाव किलो कुंदा आणला आणि मी नको नको म्हणेपर्यंत गल्लीत वाटूनपण आली.

दुसऱ्या दिवशी मेल, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, रिफंडेबल, २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २,९५०. आता बघा, पैसे मागितले म्हणून माझं डोकं ठणकलं नाही, तेवढी अक्कल ४९९ मध्ये आली नव्हती. ठणकलं ते वेगळ्याच कारणानं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी कसला? टॅलीवाल्याच्या पोटात असल्या गोष्टी खुपतात. मग लेटरवरचा जीएसटी नंबर बघितला, पंधरा अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटकाचे २९. ह्यांचे २७, म्हणजे महाराष्ट्र. ऑफिस बेंगळूरला आणि नंबर महाराष्ट्राचा! आमची अख्खी पिढी जे मागत म्हातारी झाली ते ह्या भामट्यांनी एका लेटरहेडवर करून टाकलेलं. एका कंपनीचे दोन राज्यांत दोन नंबर असतात हे मलापण ठाऊक आहे, म्हणून जीएसटीच्या साईटवर नंबर टाकून बघितला, तर निघालं कुठलंतरी हार्डवेअरचं दुकान.

पैसे वाचले. कुंदा गेला. गल्लीतल्या काकू अजून विचारतात, "काय रे, कधी जाऊलालास बेंगळूरला?"

त्यानंतर मी इन्स्पेक्टर झालो. दिसेल ती जाहिरात तपासायची, कंपनीची वेबसाईट आहे का, मेल जीमेलवरचा आहे का, इंग्रजी धड आहे का, आणि जरा वास आला की रिपोर्ट. एक तर इतकी उघडउघड बोगस होती की हसू आलं. अकाउंटंटच्या स्पेलिंगमधला एक 'सी' खाल्लेला, जीमेलचा पत्ता, पगार 'समोरासमोर बोलू', आणि फोटो कसला तर आडवा, पत्र्याची शेड आणि लेथच्या पुढं झोपलेलं एक तांबडं कुत्रं. कोण फसणार असल्याला? केली रिपोर्ट. पैसे कुठंच मागितले नव्हते, हे तेवढं लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी बाबाच उद्यमबागेतनं बोर्ड वाचून आले, अकाउंटंट पाहिजे, टॅली. काही न बोलता गाडीची किल्ली माझ्यापुढं ठेवली. गेलो. गेटातनं आत वळलो आणि लेथच्या पुढं तांबडं कुत्रं.

मालक, साठीचे काका, हाताला ग्रीस. सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. "कॉम्प्युटर येतोय न्हवं? मग पहिलं हे बघा ओ. नातवानं जाहिरात घातलेली, कुणीतरी बोगस म्हणून कळवलंय, बंद झालीया. दोन आठवडे झाले, एक माणूस फिरकला नाही."

खुर्चीत बसलो. साईट म्हणाली, जाहिरात खरी असल्याचा पुरावा द्या. जीएसटीचं सर्टिफिकेट लक्ष्मीच्या फोटोशेजारी भिंतीला फ्रेम करून टांगलं होतं. पहिले दोन आकडे, २९. ते टाकलं, स्पेलिंगमधला 'सी' भरला, फोटो सरळ केला. कुत्रं ठेवलं.

"कोण असंल ओ असला?" काकांनी मागनं विचारलं.

"असेल कुणीतरी रिकामटेकडा," मी म्हटलं आणि सबमिट दाबलं.