कोंबूचाला नळाचं पाणी ‘चालत नाही’ म्हणे

बडोद्यातल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: घरी कोंबूचा (साखर घालून आंबवलेला चहा), बिटाची कांजी किंवा आल्याचा सोडा करायचा तर नळाचं पाणी वर्ज्य, क्लोरीनने कल्चर, म्हणजे पेय आंबवणारे जिवाणू आणि यीस्ट, मरतं. क्लोरीन उकळूनही जात नाही. म्हणून सीलबंद बाटली फोडून थेट ओता, ते पाणी निर्जंतुकच असतं. आणि पेय आंबट झालं की उरलेसुरले जंतू आपोआप मरतात.

यातलं निम्मं ज्ञान घरी बिअर बनवणाऱ्यांचं आहे, तेही परदेशी. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बिअरचा प्रश्नच नाही. तिची पथ्यं मात्र आपल्या बरणीला लावून झाली.

आधी कल्चर मरण्याचं बघू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, आणि १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. अर्धा मिलिग्रॅम धरला तरी तीन लिटरच्या बरणीत सगळा मिळून दीड मिलिग्रॅम. चहातल्या टॅनिनशी गाठ पडली की तो टिकत नाही. आणि ढोकळ्याचं, इडलीचं पीठ अख्खं बडोदं याच पाण्यात आंबवतं की! क्लोरीनमुळे कुणाचं पीठ फुगलं नाही, असं कधी ऐकलंय?

बिअरवाल्यांची धास्ती खोटी नाही, पण ती वासाची आहे. माल्टमधल्या फेनॉलांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफेनॉल तयार होतात आणि अब्जात काही भाग एवढ्याशा प्रमाणातही ते नाकाला कळतात. बिअरला चक्क डेटॉलचा वास मारतो. मारणारच, डेटॉलमधलं मुख्य द्रव्य क्लोरोझायलेनॉल त्याच कुळातलं. कोंबूचाला तशी चव लागलीच, तर पुढच्या वेळी पाणी आधी दहा-पंधरा मिनिटं उघडं खळखळ उकळा आणि मगच चहापत्ती टाका.

‘उकळूनही जात नाही’ हे क्लोरामाइनबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. अमेरिकेतली बरीच शहरं क्लोरीनमध्ये मुद्दाम अमोनिया मिसळून ते बनवतात. तिथले लोक म्हणून पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटची) गोळी टाकतात. आपल्याकडे सहसा क्लोरीन वायू, हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर वापरतात, आणि तो क्लोरीन उकळल्यावर उडून जातो. रात्रभर भांडं भरून ठेवण्याचा उपायही चालतो, पण भांडं पसरट आणि उघडं हवं. घट्ट झाकण लावलेल्या कळशीतून तो जाणार कुठून?

आता बाटली. दुकानातलं साधं पाणी, म्हणजे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, आयएस १४५४३ खाली येतं. नैसर्गिक मिनरल वॉटरचं मानक वेगळं, आयएस १३४२८. कोलिफॉर्म आणि ई. कोलाय नसावेत ही अट आहे, पण पाण्यात एकही जिवाणू नसावा असं मानक म्हणत नाही. ते पाणी पिण्यायोग्य असतं, सलाइनसारखं निर्जंतुक नव्हे. बहुतेक ठिकाणी बाटलीतलं पाणी ओझोनने शुद्ध करतात, आणि ओझोन थोड्या वेळात विरून जातो. एकदा झाकण उघडलं की आत राखण करायला काही उरत नाही. ज्या क्लोरीनला मेसेज शिव्या घालतो, तो नळाच्या पाण्यात निदान तेवढी राखण तरी करतो. सील आणि शिक्का नसलेला थंडगार जार तर या मानकांच्या गप्पांतही बसत नाही. लग्नाच्या मांडवात चालवून घेतो ते वेगळं.

आरओच्या पाण्यानेही कोंबूचा होतो. लागणारे क्षार बरेचसे चहातून मिळतात. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं जड पाणी येतं, तिथे आरओ उपयोगी आहे, कारण बायकार्बोनेट जास्त असले की आंबटपणा उतरायला वेळ लागतो.

मेसेजमधलं खरं घातक वाक्य शेवटचं, ‘आंबट झालं की जंतू मरतात.’ बरेच मरतात, सगळे नाही. १९९६ साली अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ-१५७ ची साथ आली, एक लहान मूल दगावलं. तो रसही चांगला आंबटच असतो. काविळीचा हिपॅटायटिस ए तर आपल्या जठरातलं आम्ल ओलांडून यकृतापर्यंत पोचतो, आणि ते आम्ल कोंबूचापेक्षा कितीतरी कडक! कांजीत तर सुरुवातीला आंबटपणा नसतोच, तो यायला काही दिवस जातात. तोवर खराब पाण्यातल्या जंतूंना रान मोकळं.

चहा उकळलेल्याच पाण्याचा असतो, मग कोंबूचात भीती कसली, असं कुणी म्हणेल. पण बरेच जण अर्ध्या पाण्यात कडक चहा करतात, साखर विरघळवतात आणि लवकर निवावा म्हणून उरलेलं पाणी वरून गार ओततात. फट तिथे आहे. ते वरचं पाणीही आधी उकळून, झाकून निववलेलं हवं, मग ते नळाचं असो की बाटलीतलं. विरजणाचा जुना कोंबूचा एकूण मापाच्या दहाव्या हिश्शाहून कमी घालू नका, म्हणजे पीएच पहिल्या दिवसापासून खाली, अर्थात आंबटपणा वर राहतो. कांजीलाही तेच: पाणी उकळून निववा, मग मीठ, राईची पूड आणि बीट घाला.

बडोद्याला पाणी आजवा तलावाचं येतं, मही नदीच्या पात्रातल्या ‘फ्रेंच’ विहिरींचंही येतं, त्यामुळे एका पेठेचा अनुभव दुसरीला लागू होईलच असं नाही. पावसाळ्यात गढूळ आलं तर आधी निवळू द्या, दुहेरी फडक्यातून गाळा आणि मग उकळा. गटाराचा वास येत असेल तर उकळण्याच्या भरवशावर राहू नका. त्या दिवशी बरणी रिकामी राहू दे, आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवून या.