बॅट आवळू नका, हात मोकळा राहू दे

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. टेबल टेनिस शिकणाऱ्या पोरानं बॅट पैलवानाच्या पकडीसारखी घट्ट धरावी, तर्जनी रबराच्या मधोमध टेकवावी, पेनासारखी पकड जुनाट म्हणून धरू नये, आणि पहिलीच बॅट महागातली, वेगवान घ्यावी, असं त्यात म्हटलंय. मी राजारामपुरीत संध्याकाळी लहान पोरांना टीटी शिकवतो. गेल्या आठवड्यात तिघे पालक हाच मेसेज दाखवत आले, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त नुकसान घट्ट पकडीनं होतं. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या या गावात पकड म्हटली की घट्टच, हे मला कळतं. पण पैलवानाला समोरचा सुटू द्यायचा नसतो. इथं 2.7 ग्रॅमचा चेंडू रबराला निमिषभर टेकून जातो. त्याला फिरकी द्यायची तर बॅट झर्रकन फिरली पाहिजे, आणि मूठ आवळली की मनगटच अडकतं. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी येते. परवा बघितलं तर अंगठ्याचं नख दाबून पांढरंफटक, कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि बॅकहँड एकामागून एक नेटमध्ये. मी बॅटचं टोक धरून ओढलं, तर बॅटबरोबर तीही पुढं आली. "बाळ, मी ओढली की बॅट निसटली पाहिजे," म्हटलं. नुसतं "सैल धर" सांगून जमेना, तेव्हा करंगळी हँडलवरून उचलून खेळायला लावलं. दहा मिनिटांत खांदा खाली आला. बॅट आवळायची ती चेंडू लागतो तेवढ्या क्षणापुरती.

कधी दोष पोराचा नसतोच. नव्या बॅटची लाकडी कड अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टोचते, मग पोर सारखी पकड बदलत राहतं. तेवढी कड पॉलिश पेपरनं घासून गोल करून द्या.

तर्जनीची जागा मागच्या रबराच्या खालच्या कडेशी, आडवी. मधोमध नेली तर फोरहँडला बरं वाटतं, पण बॅकहँडला चेंडू बोटावरच बसतो. बोटाला लागला की पॉइंट गेला, असंही मेसेजात आहे. तेही चूक. बॅटच्या हाताला मनगटाच्या पुढं लागलेला चेंडू नियमात बसतो.

पेनासारख्या पकडीला जुनाट म्हणणाऱ्यांनी ऑलिंपिक आठवावं. 2004 ला अथेन्समध्ये र्यू सिउंग-मिन आणि वांग हाओ, 2008 ला बीजिंगमध्ये मा लिन आणि वांग हाओ: दोन्ही वेळा पुरुष एकेरीच्या फायनलला दोघंही पेनहोल्डवालेच. 2024 ला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या फेलिक्स लब्रांनं याच पकडीवर कांस्य घेतलं. या पकडीचा बॅकहँड पूर्वी लंगडा पडायचा, तो मागच्या बाजूलाही रबर लावून मारायला लागल्यापासून सावरला. मी स्वतः आधी हस्तांदोलनाची पकड शिकवतो, कारण लहान हाताला ती लवकर जमते. पण एखाद्या पोराचा हात आपसूक पेनाकडे वळत असेल तर मी तो मोडत नाही.

महागड्या बॅटचं थोडक्यात सांगतो. कार्बनच्या बॅटवर चेंडू टेबलाबाहेर जातो, मग पोर घाबरून हात आखडतं आणि पुन्हा मूठ आवळतं. पाच थरांची साधी लाकडी बॅट आणि दीड-पावणेदोन मिलिमीटर स्पंजचं रबर पहिल्या वर्षाला पुरतं. उरलेल्या पैशांतून डझनभर चेंडू आणा, सर्व्हिसच्या सरावाला एका चेंडूवर भागत नाही.