गोळी घातल्याने मुलं सुरक्षित होत नाहीत

लहान मुलावर अत्याचाराची बातमी आली की पाठोपाठ तोच मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच: फाशी ठेवा म्हणजे जरब बसेल, बदलापूरसारखा आरोपीला गोळी घालून झटपट न्याय करा, बाहेरून आलेल्यांना हाकला, आपला कायदा गुन्हेगारालाच सांभाळतो. त्यामागचा संताप मला पूर्ण मान्य आहे. मागणी मात्र मुलांच्याच मुळावर येणारी आहे.

आधी फाशीचं. ती कायद्यात आहेच. जम्मूजवळच्या कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद झाली आणि २०१९ मध्ये पॉक्सोतल्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातल्या, गंभीर अत्याचारांनाही, पीडित मुलगा असो वा मुलगी. आता आरोपी कोण असतो ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत तो मुलाच्या ओळखीचा निघतो. शेजारी, नातेवाईक, घरी ऊठबस असलेला कुणीतरी, कधी सख्खा बाप. (‘बाहेरून आलेल्यांना हाकला’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.) ‘तुझ्यामुळे काकाला फाशी होईल’ असं ज्या घरात बोललं जातं, तिथे पोरगी गप्प होते, आईवर सगळं खानदान तुटून पडतं आणि काका पुढच्या दिवाळीलाही त्याच घरात फराळाला बसतो. शिवाय अत्याचाराला आणि खुनाला शिक्षा एकच असेल, तर एकमेव साक्षीदाराला जिवंत कशाला सोडायचं? २०१३ मध्ये दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाने अख्खा देश पेटलेला असतानाही, कायद्यात सुधारणा सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही.

आता झटपट न्याय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेच्या स्वच्छतागृहात दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. पुरावा मांडून त्याला दोषी ठरवणं आता कधीच होणार नाही. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. घटना कळूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा शाळेच्या विश्वस्तांवर दाखल झाला होता, त्याचं पुढे काय झालं हे किती जणांनी विचारलं?

याहून बोलकं प्रकरण गुरुग्रामचं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका नामांकित शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरला गेला. पोलिसांनी त्याच दिवशी स्कूल बसच्या कंडक्टरला पकडलं, त्याने कबुली दिल्याचं जाहीर केलं. गरीब माणूस, हाती ‘कबुली’, बाहेर फाशी मागणारी गर्दी. तपास सीबीआयकडे गेला आणि दोन महिन्यांत त्यांनी त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. पुढच्या फेब्रुवारीत न्यायालयाने कंडक्टरला आरोपमुक्त केलं. पहिल्याच आठवड्यात त्याला कुणी ‘झटपट न्याय’ दिला असता तर फाईल बंद झाली असती, आणि सीबीआयला ज्याच्यावर संशय आला तो मुलगा बाकीच्या मुलांसोबत वर्गात बसत राहिला असता.

कायदा आरोपीच्याच बाजूने, हे तर धादांत खोटं. पॉक्सोत अत्याचाराच्या मुख्य गुन्ह्यांत आरोपी दोषी आहे असं गृहीत धरलं जातं आणि निर्दोषत्व त्याने सिद्ध करायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. साक्ष देताना आरोपी त्याच्या समोर येता कामा नये. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल.

प्रत्यक्षात काय होतं? तारखांवर तारखा पडतात आणि सहाव्या वर्षी घडलेलं नवव्या वर्षी आठवून सांगावं लागतं. इथे गरज असते सपोर्ट पर्सनची. बालकल्याण समितीने नेमलेली ही व्यक्ती तपासापासून खटला संपेपर्यंत मुलासोबत राहते. कोर्टात कुठे बसायचं, पडद्यामागे कोण आहे, मध्येच पाणी मागितलं तर चालतं, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायला हरकत नाही, हे ती आधीच समजावून सांगते. हिच्याइतका आधार मुलाला कुठलीच फाशी देत नाही. त्यांच्या नेमणुकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आदेश दिले आहेत.

फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. नोंद न करणाऱ्या पोलिसाला पॉक्सोच्या कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, तर गप्प बसलेल्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला लेखी विचारा: आपल्याकडे सपोर्ट पर्सन किती, आणि पॉक्सोची प्रकरणं किती?