त्याला डास चावतायत का?

आज डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

दुपारी जेवायला मंडळी होती. लेकीने कॉलेजसाठी केलेला सहा मिनिटांचा व्हिडिओ मी हौसेने टीव्हीवर लावला. रिकाम्या पार्किंगमध्ये माझी जुनी टोपी घालून ती उभी आहे आणि बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसजवळचा कोच करतो तसल्या खुणा करतेय, समोर चिटपाखरू नाही. बास, एवढंच. एक गृहस्थ म्हणाले, "एवढी फी भरून हे शिकवतात होय?" सगळे हसले. मीपण हसलो, आणि तेच आता डाचतंय.

कारण या सगळ्याचं मूळ मीच. अमेरिकेत आल्यावर ऑफिसवाले पहिल्यांदा मॅचला घेऊन गेले, तिथे तो कोच नाक, टोपी, छाती, पट्टा असा हात फिरवत होता आणि मी शेजारच्याला काळजीने विचारलं, "त्याला डास चावतायत का?" घरात शंभरदा सांगून झालाय हा किस्सा. नंतर कळलं, तो आपल्या खेळाडूंना गुपचूप सांगत असतो, समजा पुढचा बेस 'चोर', म्हणजे संधी साधून पळत गाठ. पण बऱ्याचशा खुणा नुसत्या समोरच्या टीमला फसवायला असतात. आधी ठरलेली एक खूण, समजा पट्ट्याला हात, ती झाली की त्याच्या पुढचीच खरी. आता हे नाटक नाही तर काय आहे?

आणि हे काय आजचं आहे का! मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन, त्याने 1928 च्या 'द कॅमेरामन'मध्ये रिकाम्या यँकी स्टेडियममध्ये एकट्याने मॅच खेळलीय, ना बॉल ना बॅट, पिचर तोच बॅटर तोच, शेवटी घसरत होम प्लेटवर. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेत नव्हते तेव्हा त्यांच्या टीम्स मॅचआधी बॉलशिवाय 'शॅडो बॉल' खेळायच्या, इतक्या झपाट्यात की बॉल आहेच असं वाटावं. आता सव्हाना बनानाज नावाची बेसबॉल टीम नाचत खेळते, प्रेक्षकाने फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला) झेलला तर बॅटर आउट, आणि त्यांच्या तिकिटांसाठी हीच मंडळी तडफडतात. तिथे नाही आठवत फी! आणि क्रिकेटवाल्यांनी तर बोलूच नये, आपला बॅट्समन दर बॉलआधी पॅड-हेल्मेट-ग्लोव्ह्ज चाचपत बसतो त्याचं काय?

बरं, सहा मिनिटं जास्त आहेत. मान्य. तीनमध्ये भागलं असतं.

मंडळी गेल्यावर परत लावला, एकट्याने. चौथ्या मिनिटाला नाक, टोपी, पट्टा, आणि मग दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर टेकवून कडाकडा मोडते. माझी आई तिची दृष्ट काढायची, अगदी तश्शी. मग परत टोपी, परत नाक. आई जाऊन तीन वर्षं झाली. दुपारी मला हे दिसलंच नव्हतं, मी डासांचा जोक सांगण्यात गुंग. आणि ते बोटं मोडणं बरोब्बर पट्ट्यानंतर येतं हो.

हां, ते गृहस्थ. निघताना दारात गाडीची किल्ली सापडेना. शर्टाचा खिसा, पँटचा खिसा, परत शर्ट, मग कपाळावर हात, मग पट्टा वर ओढला आणि मागचा खिसा चाचपला. लेक माझ्या कानात म्हणाली, "बाबा, पळ. सेकंड बेस चोरायला सांगतायत."