टाकीतले पाणी आणि बैलगाडीचा उलाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडायचे चाकांवरचे छोटे घर, ओढून नेण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण बार्शीहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जातात, तेव्हा ट्रेलरच्या टाकीतल्या ८० लिटर पाण्याचा बाऊ करून मी नवख्या माणसाला घाबरवतो आहे, आरसी बुकात माझ्या ट्रेलरचे रिकामे वजन ६२० किलो असताना मी ७२० धरून हिशेब फुगवला आहे, मोटारीला ट्रेलर जोडणाऱ्या हुकावर ट्रेलरच्या १० टक्के वजन हवे असे एके ठिकाणी आणि माझ्या मोटारीच्या हुकाची मर्यादा ७५ किलो आहे असे दुसरीकडे लिहून मी स्वतःलाच खोडले आहे, आणि 'टाकी रिकामी न्या, मुक्कामी पोचल्यावर भरा' हा सल्ला उन्हाळ्यात या भागात पाणी शोधण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्यानेच द्यावा. शेवटी आपण विचारले आहे की, आपल्यालाही असाच ट्रेलर घ्यायचा असून आईला घेऊन तिघांनी चार दिवस पंढरपूरला जायचे ठरल्यास पाणी किती न्यावे.

यातले शेवटचे दोन आक्षेप मला मान्य आहेत आणि दुसरा अर्धा मान्य आहे. पहिला मात्र मुळीच मान्य नाही, आणि त्यात जिवाचा प्रश्न असल्यामुळे त्याचे उत्तर लांबणार आहे.

उसाचा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालतो. मोटार ट्रेलर घेऊन पुणे महामार्गाला लागली की काटा सहज ८० वर जातो. वेग चौपट झाला की चालत्या वजनातला जोर सोळापट होतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत, आणि तो सगळा जोर आवरायचे काम मोटारीचे ब्रेक, टायर आणि हूक यांच्यावर येते. शिवाय चार चाकांची ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते. तिचा भार हुकावर जवळजवळ पडतच नाही, हूक तिला फक्त ओढतो. माझा ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच आसाचा, दोन चाकांचा आहे. तो तराजूसारखा अ‍ॅक्सलवर तोललेला असतो, आणि म्हणून त्याची तुलना ट्रॉलीशी न करता बैलगाडीशी करावी लागते.

आपण शेतकरी आहात, तेव्हा गाडीचा उलाळ म्हणजे काय हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. माल आसाच्या मागे जास्त पडला की गाडी मागे कलते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि चढावर बैल असहाय होतात. म्हणून जाणता गाडीवान पोती भरताना जू हाताने उचलून पाहतो आणि बैलांच्या मानेवर थोडेसे वजन राहील अशा बेताने माल पुढे सरकवतो. ट्रेलरच्या हुकावरचे वजन म्हणजे नेमके हेच मानेवरचे वजन होय. फरक इतकाच की बैलगाडी उलाळली तर ती जागच्या जागी कळते. ट्रेलरचा उलाळ उभ्या गाडीत बहुधा लक्षातही येत नाही आणि ८० च्या वेगाला, शेजारून मोठी बस गेली की, अचानक समोर येतो.

माझ्यावर तो प्रसंग मोहोळच्या अलीकडे, पुण्याहून परत येताना आला. ट्रेलरमध्ये स्वच्छ पाण्याच्या टाकीत निम्मे, म्हणजे ४० लिटर पाणी उरले होते, आणि भांडी व हातपाय धुतलेले सांडपाणी ४० लिटरच्या दुसऱ्या टाकीत काठोकाठ भरले होते. ट्रेलर बांधणाऱ्याने या दोन्ही टाक्या अ‍ॅक्सलच्या मागे बसवल्या होत्या, कारण तिथे जागा मोकळी होती. उजवीकडून आरामबस पुढे गेली, तिच्या वाऱ्याने ट्रेलरचे मागचे टोक आधी बाहेर ढकलले गेले आणि मग तिच्याकडे ओढले गेले, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसायची, नाहीशी व्हायची आणि दुसऱ्या आरशात दुसरी बाजू दिसायची. मी घाबरून ब्रेक दाबला आणि हेलकावे वाढले. नंतर ब्रेक सोडला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, आणि वेग ५० च्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला. अशा वेळी करायचे ते एवढेच, आणि हेलकाव्यांच्या उलट स्टिअरिंग फिरवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळायचा.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. माझ्या ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून हुकापर्यंतचे अंतर ३.२ मीटर आहे. स्वच्छ पाण्याच्या टाकीचा मध्य अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे होता आणि सांडपाण्याच्या टाकीचा १.६ मीटर मागे. मागे ठेवलेले वजन अ‍ॅक्सलपासूनच्या त्याच्या अंतराने गुणून ३.२ ने भागले की हुकावरून किती वजन उचलले गेले ते कळते. त्या दिवशी पहिल्या टाकीने १५ किलो उचलले, दुसरीने २०. दोन्ही टाक्या कोरड्या असताना हुकावर ६२ किलो असायचे, त्याचे २७ झाले. म्हणजे ८०० किलोंच्या ट्रेलरचे साडेतीन टक्केसुद्धा नाही. कृपया हे लक्षात घ्या की एकूण वजन तेव्हाही नोंदणीतल्या ९०० किलोंच्या आत होते आणि कोणत्याही काट्यावर मी निर्दोष ठरलो असतो. ८० किलो पाणी जास्त नव्हते, ते चुकीच्या जागी होते. त्यात एक टाकी अर्धी होती, आणि अर्धी घागर कशी हिंदकळते हे डोक्यावरून पाणी वाहिलेल्या कोणत्याही बाईला विचारावे. रुंद, उथळ, आतून पाणी अडवणारे आडवे पडदे नसलेल्या टाकीतले पाणी ब्रेकबरोबर पुढे आणि वळणाबरोबर बाजूला धावते.

त्यानंतर मी स्वच्छ पाण्याची टाकी काढून अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, तिचा मध्य २० सेंटिमीटर पुढे येईल अशी बसवून घेतली. आता ती पूर्ण भरली तरी हुकावरचे वजन ६२ वरून ६७ होते आणि ट्रेलर ८०० किलोंचा असताना हे प्रमाण आठ टक्क्यांच्या वर राहते. आपण नवा ट्रेलर बांधून घेणार असाल तर रंग, पडदे, पलंग यांच्याही आधी टाक्यांची जागा खडूने आखून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता ६२० आणि ७२० यांविषयी. आरसी बुकातला आकडा खोटा नाही. पण तो ट्रेलर बांधून बाहेर पडला त्या दिवसाचा आहे. नंतर त्यात ५६ किलोंची ट्यूब्युलर बॅटरी आली, छतावर ३२ किलोंचा एसी आला, भरलेल्या छोट्या गॅस टाकीसह शेगडी १२ किलोंची झाली, आणि शंभर किलो असे पुरे झाले. मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर ट्रेलर एकटा उभा करून घेतलेली पावती ७२० ची आहे. मी हे सविस्तर लिहायला हवे होते, ते लिहिले नाही, म्हणून आपला आक्षेप अर्धा मान्य. पण कायदा नोंदणीत लिहिलेले भरलेले वजन ओलांडू नका असे सांगतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. तेव्हा ९०० मधून खरे ७२० वजा करून उरणाऱ्या १८० किलोंवरच पाणी, अंथरुणे, भांडी आणि कपडे यांचा संसार मांडावा लागतो.

हुकाच्या टक्केवारीत मात्र चूक माझीच आहे. १० ते १५ टक्के हा अमेरिकेतला दंडक आहे. युरोपात हलक्या ट्रेलरसाठी साधारण ५ ते ७ टक्के धरतात. मी अमेरिकेतला आकडा तो कुठला आहे हे न सांगता उचलला. टक्केवारी ही ट्रेलरची गरज असते आणि ७५ किलो ही माझ्या मोटारीची सोसण्याची हद्द आहे; दोन्ही पाळायच्या तर ९०० किलोंच्या ट्रेलरला ८ टक्के, म्हणजे ७२ किलो, हा मध्य मला सापडतो. आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली नसेल किंवा ओढू नका असे लिहिले असेल, तर त्या मोटारीला हूक लावू नये. आणि हुकावरचे ७० किलो म्हणजे डिकीच्या मागे बसलेला एक माणूसच समजून तेवढे मोटारीतल्या सामानातून कमी करावेत.

हे वजन मोजायला मोठा काटा उपयोगाचा नाही, कारण तो पाच किंवा दहा किलोंच्या पायरीने दाखवतो. घरातला माणसांचा वजनकाटा सपाट फरशीवर ठेवावा, ट्रेलरच्या चाकांना दगडाची उटी लावावी, हुकाच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा उभा करून तो काट्यावर टेकवावा आणि पुढचे छोटे चाक वर घ्यावे. ट्रेलर ओढताना जितका समतल असतो तितकाच आता असला पाहिजे. दिसेल तो आकडा वहीत लिहून ठेवावा, एकदा कोरड्या टाकीचा आणि एकदा भरलेल्या.

'मुक्कामी पोचल्यावर भरा' हा सल्ला मी मागे घेतो. ज्या शहरात उजनी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, तिथल्या माणसाने परगावी तोटी वाहतीच असेल असे गृहीत धरणे बरोबर नाही. टाकी अ‍ॅक्सलजवळ असेल तर ती घरूनच पूर्ण भरून निघावे आणि तेवढे किलो दुसऱ्या सामानातून कमी करावेत. भरताना बोअरच्या मोटरची नळी ट्रेलरच्या नळजोडणीला थेट लावू नये. गच्चीवरच्या टाकीचा दाब दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक किलो असतो, मोटरचा कितीतरी पट असू शकतो, आणि आतले जोड सुटतात. टाकीच्या तोंडातून नळी सोडून भरणे सर्वांत सुरक्षित. महिनाभर उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रेलरची टाकी वापरण्याआधी दर लिटरला एक मिलिलिटर या प्रमाणात पाच टक्क्यांचे घरगुती ब्लीच घालावे, प्रत्येक तोटीतून त्याचा वास येईपर्यंत पंप चालवावा, रात्रभर ठेवून सगळे ओतून द्यावे आणि दोनदा धुऊन घ्यावे. पिण्याचे पाणी मी तरीही वेगळ्या जारमध्ये नेतो.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी असेही आपण जाता जाता लिहिले आहे. कृपया तसे करू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबल्याने जास्त तापतो आणि ४२ अंशांच्या रस्त्यावर फुटतो. सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, सांगितलेली हवा पूर्ण भरावी.

आता आपल्या आईंच्या पंढरपूरच्या मुक्कामाविषयी. स्वयंपाक, भांडी, तोंड धुणे आणि अर्ध्या बादलीची आंघोळ धरली तर माणशी रोज २० लिटर लागतात. तिघांचे चार दिवसांचे २४० झाले. टाकी ८० ची असेल तर ती बार्शीहून भरून न्यावी आणि मुक्कामी दोनदा भरावी लागेल, तेव्हा जागा ठरवतानाच पाण्याची सोय विचारून घ्या. २० लिटरचा पिण्याचा जार अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, ट्रेलरच्या तळावर बांधून ठेवा. माझ्यासारखाच ट्रेलर असेल तर १८० मधले १०० किलो पाण्याचे झाले आणि अंथरुणे, भांडी, कपडे यांना ८० उरले. आईंसाठी चाकांची खुर्ची न्यायची असेल तर तीही त्यातच धरा. सांडपाण्याची टाकी ४० लिटरची असल्याने स्वच्छ पाणी निम्मे संपण्याच्या सुमारास ती भरेल, म्हणून ती रोज एकदा-दोनदा, जागामालकाला विचारून, ठरवून दिलेल्या गटारातच सोडावी लागेल. परतीच्या सकाळी ती पूर्ण रिकामी करून झडप बंद केल्यावरच ट्रेलर हुकाला लावा. निघण्यापूर्वी जवळच्या एखाद्या कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या ट्रेलरचे वजन करून घेतलेत आणि ती पावती, अ‍ॅक्सल ते हूक हे अंतर व टाक्यांची अंतरे मला कळवलीत, तर हुकावरचा आकडा आपण दोघे मिळून तपासू.