डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) लागट नाही, तो मेसेज थांबवा
"डिमेन्शियाच्या पेशंटचं करणाऱ्यालेही तोच आजार लागते" असा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरून राहिला, तो चूक आहे. हा आजार मेंदूच्या पेशी खराब झाल्यानं होते, सोबत जेवल्या-झोपल्यानं लागत नाही. सासूबाईंचं करता करता मीही गॅसवरचं दूध विसराले लागली होती, मले वाटलं झालं आता आपलंही, पण डॉक्टरनं तपासून सांगतलं का रोज रात्रीची जागल, ताण अन् डिप्रेशन याच्यानंही ध्यानात राहत नाही, अन् त्याच्यावर इलाज आहे. जाऊबाई काही रात्री सांभाळाले लागल्या तेव्हा कुठं मी झोपली. कोणाचं असं होत असन तर टेली मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येते. तो मेसेज पुढं पाठवू नका बाप्पा, या भीतीनं लोक घरी येणं सोडतात अन् करणारी बाई एकटी पडते.